हलगीला नंबर नाही : मराठवाड्यातल्या संगणकी ठेक्याची पार्श्वभूमी

मराठवाड्यात आज भीमजयंतीचं नवं गाणं, नवरात्रातलं आराधी गीत किंवा वरातीत वाजायचा ट्रॅक तयार होतो, तेव्हा त्याचा ठेका बहुतेक वेळा संगणकावर बसवलेला असतो. ढोलकी, हलगी, संबळ, टाळ सगळं ऐकू येतं, पण वादक खोलीत असेलच असं नाही. यावर बोलणं निघालं की वाद वादक विरुद्ध मशीन असाच रंगतो. त्या वादाच्याही आधीची, १९९१ सालची एक गोष्ट मात्र फारशी कुणी काढत नाही. मिडीवर, म्हणजे वाद्ययंत्रं आणि संगणक एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात त्या मानकात, तालवाद्यांना नंबर वाटले गेले, तेव्हा आपल्याकडच्या एकाही चामड्याच्या वाद्याला नंबर मिळाला नाही. लातूरच्या स्टुडिओतली मिडी फाइल नांदेडला उघडली की हलगीच्या जागी शिट्टी वाजू शकते, ती त्यामुळंच.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. खऱ्या ड्रमच्या आवाजाचे नमुने साठवलेलं, हवा तो ठेका भरता येणारं पहिलं मशीन १९८० मध्ये आलं. टीआर-८०८ हे गाजलेलं ड्रम मशीनही त्याच वर्षीचं. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या एका व्यापारी प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर वायरनं जोडून वाजवून दाखवले गेले आणि त्याच वर्षी मिडी १.० प्रसिद्ध झालं. एकाच वायरीत सोळा चॅनेल, म्हणजे सोळा वेगळ्या वाटा, सुराला ० ते १२७ मधला एक नंबर, आघाताच्या जोरालाही तसाच आकडा, वेग सेकंदाला ३१,२५० बिट. १९८५ च्या अटारी एसटी संगणकाला मिडीची खाच कंपनीतूनच बसवलेली होती. १९८९ मध्ये क्यूबेस हे संगीत बसवण्याचं सॉफ्टवेअर आलं आणि गाण्याचे तुकडे पडद्यावर आडव्या पट्ट्यांत मांडायची पद्धत रुळली. मराठवाड्यापर्यंत यातलं तेव्हा काही पोचलं नव्हतं. इथं कॅसेटचा जमाना होता. चांगल्या रेकॉर्डिंगसाठी पुण्या-मुंबईची वाट धरावी लागे आणि जिल्ह्याच्या ठिकाणचे ऑर्केस्ट्रे ढोलक, कोंगो-बोंगो आणि ड्रमसेटवर चालत. मिडी इथं पहिल्यांदा दिसलं ते ऑक्टापॅडच्या रूपात. आठ रबरी चौकोन आणि पाठीमागं मिडीची खाच. चौकोनांवर पोरं तयार झाली, खाचेत वायर मात्र फार थोड्यांनी घातली.

१९९१ चा निर्णय नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढची सगळी गुंतागुंत त्यातून निघाली. मिडीच्या वायरीतून आवाज जात नाही, नंबर जातो. ३८ नंबर आला तर समोरच्या यंत्रानं कोणता आवाज काढायचा, हे मूळ मिडीनं ठरवलंच नव्हतं. एका कंपनीच्या यंत्रावर बसवलेला ठेका दुसरीच्या यंत्रावर भलताच वाजे. म्हणून अमेरिकी आणि जपानी उत्पादकांच्या संघटनांनी मिळून जनरल मिडी हे मानक काढलं. दहावा चॅनेल तालवाद्यांसाठी राखला आणि ३५ ते ८१ या ४७ नंबरांवर ४७ आवाज कायमचे बसवले. ३५-३६ वर बेस ड्रम, ३८ आणि ४० वर स्नेअर, ४२, ४४, ४६ वर हायहॅट, म्हणजे ड्रमसेटमधल्या पायानं मिटणाऱ्या झांजा. साठच्या पुढं बोंगो, कोंगा, टिंबाले, अगोगो, गुइरो, कुइका. आखूड शिट्टी आणि लांब शिट्टी यांनाही ७१ आणि ७२ असे दोन नंबर दिले. तबल्याला दिला नाही, ढोलकला दिला नाही. पखवाज, ढोलकी, हलगी, संबळ यांचा तर विचारच झालेला दिसत नाही.

या यादीची बाजू घेणारे सांगतात की ती कोऱ्या कागदावर केलेली नव्हती. एका मोठ्या जपानी कंपनीच्या आधीच्या यंत्रांतली मांडणी बऱ्याच अंशी तशीच उचलली गेली. त्या यंत्रांत लॅटिन अमेरिकेची वाद्यं होती, कारण त्या यंत्रांचं गिऱ्हाईक जे पॉप आणि नाचाचं संगीत करत होतं त्यात ती वाजत होती. मेमरी महाग होती, कुठंतरी थांबणं भाग होतं. एवढं मान्य करायला हरकत नाही. पण त्याच मानकातली सुरांच्या वाद्यांची १२८ जणांची यादी पाहिली की हा खुलासा अपुरा पडतो. तिथं १०५ वर सतार आहे आणि ११२ वर सनई आहे. म्हणजे यादी करणाऱ्यांना भारत ठाऊक होता. सनई आत घेतली आणि तिच्याबरोबर वाजणारं संबळ दाराबाहेर राहिलं. आपल्याकडं लग्नाला वाजंत्री सांगितले की सनईमागं संबळ नाहीतर डफडं येणारच. ही जोडी फोडून अर्धी घ्यायची, हे वाजंत्र्यांच्या घरातल्या कुणालाही सुचलं नसतं.

दुरुस्तीची संधी १९९९ मध्ये आली होती. जनरल मिडी २ मध्ये तालवाद्यांची यादी दोन्ही टोकांना वाढवून २७ ते ८७ केली. नव्या नंबरांवर शेकर, घुंगरांसारखी घंटी, कॅस्टनेट आले. ब्राझीलचा सुर्दो हा ढोल आला, तोही बंद आणि उघडा असे दोन नंबर घेऊन. भारतीय चामडं दुसऱ्यांदा बाहेर राहिलं. पहिल्या खेपेला नजरचूक म्हणता येईल, दुसऱ्या खेपेला तसं म्हणणं मला तरी जड जातं. काही कंपन्यांनी, विशेषतः भारतासाठी काढलेल्या कीबोर्डांत, तबला-ढोलकचा वेगळा संच दिला हे खरं. पण प्रत्येक कंपनीचे नंबर निराळे, म्हणजे १९९१ च्या आधीचा घोळ आपल्या वाद्यांपुरता तसाच चालू राहिला.

त्यात आणखी एक गुंता आहे आणि नव्या पोरांचे तासन्‌तास त्यात जातात. सॉफ्टवेअर सुराचं नाव आणि सप्तकाचा आकडा जोडून दाखवतं; ३६ नंबरचा सूर एका सॉफ्टवेअरमध्ये सी-१ दिसतो, दुसऱ्यात सी-२, तर इथं सगळ्यांत जास्त रुजलेल्या एफएल स्टुडिओत सी-३. सप्तकं कुठून मोजायची यावर कंपन्यांचं एकमत कधी झालंच नाही. फोनवर कुणी सांगितलं की हलगी सी-३ वर टाकलीय, तर आधी विचारावं, कोणत्या सॉफ्टवेअरचा सी-३. नंबर सांगितला तर चूक होत नाही.

मराठवाड्यात संगणकी ठेका खऱ्या अर्थानं रुजला तो फ्रूटीलूप्स या सॉफ्टवेअरमुळं. त्याची पहिली आवृत्ती १९९७ च्या अखेरची. २००३ मध्ये नाव बदलून एफएल स्टुडिओ झालं. इथं ते पोचलं कॉपी केलेल्या सीडीवरून. विकत घेण्याची ऐपत आणि सोय दोन्ही नव्हती. औरंगाबाद, नांदेड, लातूर, परभणी या शहरांत घरातल्याच एका खोलीला गाद्या-पडदे लावून स्टुडिओ उभे राहिले. संगणक साधे, रॅम तोकडी, साउंडकार्ड बोर्डावरचंच. कळ दाबली आणि आवाज उशिरा आला, ही तक्रार रोजची, म्हणून एएसआयओफोरऑल हा फुकटचा ड्रायव्हर जो तो टाकून घेई. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमनानं दिवसाचे कित्येक तास जात, त्यामुळं ठेका बसवण्याचं काम वीज असेल तेव्हा, म्हणजे बऱ्याचदा मध्यरात्रीनंतर चाले.

हेच सॉफ्टवेअर का रुजलं, याचं उत्तर त्याच्या पहिल्याच पडद्यावर आहे. प्रत्येक आवाजासमोर सोळा चौकटींची ओळ, हवी ती चौकट पेटवा. स्वरलिपी येत नसली तरी केरवा मोजता येणाऱ्या माणसाला हे पाच मिनिटांत कळतं, कारण आठ मात्रा दुपटीत मांडल्या की सोळा होतात. आणि त्याला जनरल मिडीची पर्वाच नव्हती. प्रत्येक ओळीत आपल्याला हवा तो आवाज टाकायचा, त्याला नंबर असो वा नसो. हलगीचा एक ठोका टेपवरून उतरवून घेतला आणि ओळीत टाकला की हलगी संगणकात आली. जनरल मिडीच्या नंबरांच्या नकाशानं जे नाकारलं होतं ते इथं मागच्या दारानं मिळालं. पण त्यामुळंच समान नकाशा तयार व्हायची गरज कुणाला वाटली नाही. एका स्टुडिओत हलगीची कड वरच्या ओळीत, दुसऱ्यात खालच्या. प्रोजेक्ट हलवायचं तर आवाजांसकट सगळं फोल्डर द्यावं लागे, नुसती मिडी फाइल कामाची नव्हती.

सोळा चौकटींची एक किंमतही मोजावी लागली. आपल्याकडच्या कित्येक पारंपरिक चाली सहा मात्रांच्या आहेत आणि सहा मात्रा सोळात बसत नाहीत. सेटिंग बदलून बारा किंवा चोवीस चौकटी करता येतात, पण घाईच्या कामात ते करायचं राहून जाई. त्या वर्षांतली पुष्कळ आराधी गाणी सरळ चारात ठोकलेली आहेत, आणि माझ्या कानाला त्यात चाल दबलेली वाटते.

दुसरा मुद्दा आघाताच्या जागेचा. त्या सॉफ्टवेअरमध्ये एका मात्रेचे ९६ बारीक भाग धरलेले असतात. मधला ठोका ४८ वर टाकला तर सरळ वाजतो, ६४ वर टाकला तर तिपटीचा होतो. संबळ वाजवणारा जाणता गोंधळी या दोहोंच्या मधे कुठंतरी मारतो, आणि कथा रंगात आली की ती जागाही सरकते. क्वांटाइझचं बटण दाबलं की हे सगळं जवळच्या रेषेवर ओढलं जातं. ठेका स्वच्छ होतो आणि त्यातला माणूस निघून जातो. ज्यांनी पॅडवर हातानं वाजवून मिडीत घेतलं आणि क्वांटाइझ केलं नाही, त्यांचे ठेके आजही ओळखू येतात.

तबल्या-ढोलकीचं काम आणखी अवघड. बायाँवर, म्हणजे डग्ग्यावर, मनगट दाबून काढलेला घिस्सा म्हणजे आघात झाल्यानंतर बदलणारा सूर. मिडी १.० मध्ये पिचबेंड, म्हणजे सूर वरखाली वाकवण्याची सोय, अख्ख्या चॅनेलला लागतो, म्हणून डग्गा वेगळ्या चॅनेलवर नेला नाही तर त्याच्यासोबत उजव्या हाताचा शाईचा ठोकाही वाकडा होतो. उघडा बोल वाजत असताना बंद बोल आला की पहिला थांबला पाहिजे; हायहॅटसाठी केलेली एकमेकांना तोडण्याची सोय इथं उपयोगी पडते. आणि एकाच आघाताचे निदान तीन-चार नमुने, हलके-जोरकस वेगवेगळे, आलटून पालटून वाजले नाहीत तर हलगीची लग्गी खिळे ठोकल्यासारखी ऐकू येते. परदेशी ड्रमसेटसाठी हे सगळं तयार करून देणारी सॉफ्टवेअरं २००६ च्या सुमारास घरगुती स्टुडिओंच्याही आवाक्यात आली. आपल्या वाद्यांसाठी मात्र स्टुडिओवाल्यांनी ते स्वतःच्या हातानं केलं.

हे नमुने आले कुठून, हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एखाद्या हलगीवादकाला बोलावून हलगी शेकून घेतली, कडेचे, मधले, काडीचे, टिपरूचे आघात तासाभरात टिपले आणि त्या तासाची बिदागी दिली. ते आवाज पुढं पेनड्राइव्हवरून गावोगाव गेले, शेकडो गाण्यांत वाजले. गाण्याच्या श्रेयनामावलीत प्रोग्रामिंग करणाऱ्याचं नाव असतं, ज्याच्या हाताचा ठोका आहे त्याचं नसतं. एवढं तरी बदलायला कोणत्याही मानकाची वाट पाहावी लागत नाही.

मात्र संगणकानं हलगीवाल्याच्या पोटावर पाय दिला एवढंच म्हणून थांबलं तर अर्धाच इतिहास सांगितला जाईल. अनेक गावांत हलगी वाजवणं हे जातीनं लादलेलं काम होतं, बोलावलं की दारात उभं राहून वाजवायचं. आंबेडकरी चळवळीच्या प्रभावातून अशी कामं नाकारली गेली आणि ते नाकारणं योग्यच होतं. पुढच्या पिढीला हलगीचा कडकडाट हवा होता, दारोदारचं वाजवणं नको होतं. संगणकानं या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवल्या. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत वाजणाऱ्या हलगीसाठी कुणाला कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही, आणि ज्याला वाजवायचं तो व्यासपीठावर कलावंत म्हणून मान घेऊन वाजवतो. शिवाय लग्नसराई आणि जयंत्या एकाच महिन्यात आल्या की वादक मिळत नाहीत, ही अडचणही खरीच होती.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत साधनं बदलली. २०११ मध्ये एफएल स्टुडिओ मोबाइलवर आलं, स्वस्त इंटरनेट आल्यावर ठेके आणि नमुने फोनवरूनच फिरू लागले, आणि हिंगोली-बीडच्या गावांतली पोरं संगणकाला हात न लावता प्रोग्रामिंग शिकली. २०१८ मध्ये एमपीई हे मिडीला जोडलेलं मानक मंजूर झालं, त्यात प्रत्येक सुराला स्वतःचा चॅनेल मिळाला. २०२० मध्ये मिडी २.० जाहीर झालं. त्यात प्रत्येक सुराचा पिच वेगळा हलवता येतो, म्हणजे घिस्स्याची जुनी अडचण मुळातच सुटते. आघाताच्या जोरालाही १२८ ऐवजी ६५,५३६ पायऱ्या मिळतात. वाद्यांच्या प्रकारानुसार एकत्र ठरवायच्या प्रोफाइलची सोयही त्यात आहे. भारतीय तालवाद्यांचा नकाशा तिथं मांडायचा तर त्यासाठी कुणीतरी संघटितपणे बसलं पाहिजे, आणि त्या बैठकीत गोंधळी, हलगीवादक आणि पखवाजी असले पाहिजेत.

तोवर समजूतदार स्टुडिओवाले कामचलाऊ मांडणी करतात: हलगीचे आघात ६० ते ६४ या बोंगो-कोंगाच्या जागांवर, टाळ ८०-८१ या बंद-उघड्या त्रिकोणावर, घुंगरू ८३ वर, ढोल ३६ वर. फाइल परक्या यंत्रावर गेली तरी निदान चामड्याच्या जागी चामडं आणि धातूच्या जागी धातू वाजतो. फाइलसोबत कोणत्या नंबरवर कोणता बोल आहे याची यादी लिहून पाठवली, तर समोरच्याला आपले आवाज बसवून तोच ठेका उभा करता येतो.