लर्चर : कॉली व बुल संकर

लर्चर हा ग्रेट ब्रिटन व आयर्लंड येथील संकरित शिकारी कुत्र्याचा प्रकार आहे. ग्रेहाउंड, व्हिपेट यांसारख्या, सावज नजरेने हेरून त्यामागे धावणाऱ्या कुत्र्याचा कॉलीसारख्या मेंढपाळी कुत्र्याशी किंवा टेरियरशी, म्हणजे बिळातील प्राणी हुसकावणाऱ्या लहान कुत्र्याशी, संकर करून तो मिळवतात. आईबाप दोन्ही धावणाऱ्या जातींचे असतील, तर पिलाला लाँगडॉग म्हणतात. आपल्याकडचा कारवान किंवा मुधोळ कुत्रा पाहिलेल्या वाचकाला खोल छाती, आत ओढलेले पोट व लांब पाय ही ठेवण ओळखीची वाटेल. लर्चर ही जात नव्हे. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटनच्या केनेल क्लबनेही त्याला जात म्हणून मान्यता दिलेली नाही. त्यामुळे कुत्रा निवडताना वंशावळीच्या कागदापेक्षा त्याच्या रक्ताचे प्रमाण व आईबापांचे काम यांनाच महत्त्व येते.

नावाच्या उगमाविषयी दोन मते आहेत. रोमानी या जिप्सी लोकांच्या भाषेतील चोरीचा अर्थ असलेल्या ‘लूर’ या शब्दापासून ते आले, असे एक लोकप्रिय मत आहे. मराठीतील ‘लूट’ या शब्दाशी त्याचे साम्य सहज जाणवते, पण साम्य म्हणजे पुरावा नव्हे. दबा धरणे, टेहळत फिरणे या अर्थाच्या ‘लर्च’ या इंग्रजी क्रियापदापासून ते आले, हे दुसरे मत अधिक ग्राह्य दिसते. कारण भुरटा चोर या अर्थाने हा शब्द सोळाव्या शतकात माणसांना लावला जात होता आणि कुत्र्याला तो साधारणतः सतराव्या शतकाच्या मध्यापासून लावलेला आढळतो.

ग्रेहाउंड पाळण्यास सामान्यांना बंदी असल्यामुळे कायद्याला बगल देण्यासाठी लर्चर निर्माण झाला, ही कथाही अशीच तपासून घ्यावी लागते. तिच्या समर्थनार्थ इंग्लंडच्या कनूट राजाचे वनविषयक कायदे दाखवले जातात, पण ती संहिता बाराव्या शतकातील बनावट रचना असल्याचे इतिहासकार मानतात. इंग्लंडचा राजा रिचर्ड दुसरा याच्या काळातील, सुमारे १३८९-९० चा कायदा मात्र अस्सल आहे. वर्षाला ४० शिलिंग उत्पन्नाची जमीन नसलेल्या गृहस्थाने ग्रेहाउंड ठेवू नये, असे त्यात म्हटले आहे. परंतु शिकारीच्या इतर कुत्र्यांनाही तीच मनाई आहे. संकर करून या कायद्यातून सुटका होणे शक्यच नव्हते. केसाळ, मेंढपाळाच्या कुत्र्यासारखे दिसणारे जनावर रखवालदाराच्या डोळ्यांत कमी खुपत असे आणि ते शिकवलेले ऐकतही असे, हे कारण अधिक पटते. जॉन कायस या वैद्याने १५७० मध्ये ब्रिटिश कुत्र्यांवर लिहिलेल्या लॅटिन ग्रंथात, धन्याच्या सांगण्यावरून रात्री न भुंकता ससे धरून आणणाऱ्या ‘चोर’ कुत्र्याचे वर्णन केले आहे. तो वासावर चालणारा असल्याने त्याला लर्चरचा थेट पूर्वज म्हणणे धाडसाचे होईल. टॉमस ब्यूइक याच्या १७९० च्या प्राणिग्रंथात मात्र लर्चरची स्वतंत्र नोंद असून ग्रेहाउंडपेक्षा आखूड, मजबूत पायांचा व राठ केसांचा असे त्याचे रूप दिले आहे.

बुल रक्ताचा, म्हणजे बुलडॉग वंशाच्या रक्ताचा, संबंध नेहमी ऑर्फर्डचे तिसरे अर्ल जॉर्ज वॉलपोल (१७३०–९१) यांच्याशी जोडतात. त्यांनी ग्रेहाउंडमध्ये बुलडॉगचे रक्त आणले आणि सहा-सात पिढ्यांनंतर देह पुन्हा ग्रेहाउंडचा होऊनही धाडस टिकून राहिले, असे परंपरेने सांगतात. तो बुलडॉग आजच्या बसक्या, चपट्या तोंडाच्या बुलडॉगसारखा नव्हता. आजचे बुल संकर बहुधा बुल टेरियर किंवा स्टॅफर्डशर बुल टेरियर यांच्यापासून होतात.

कॉली संकरासाठी बॉर्डर कॉली व बिअर्डेड कॉली यांना पसंती असते. निम्मे कॉली रक्त असलेला कुत्रा लवकर शिकतो व दिवसभर टिकतो, परंतु वेगात कमी पडतो. म्हणून त्याचा ग्रेहाउंडशी पुन्हा संकर करून पाऊण ग्रेहाउंड, पाव कॉली असे प्रमाण साधतात. या रक्ताची खरी किंमत फेरेट (बिळात सोडला जाणारा, मुंगसासारखा दिसणारा पाळीव प्राणी) घेऊन सशांच्या बिळांवर गेल्यावर कळते. असा कुत्रा एकेका बिळाच्या तोंडाशी थांबतो, मान किंचित कलती करतो आणि आत ससा असेल तर एक पाय उचलून निश्चल उभा राहतो. बीळ रिकामे असेल तर पुढे जातो. बाहेर उसळलेला ससा तो जिवंत धरून हातात आणून देतो. दोषही त्याच बुद्धीतून येतात: धन्याला सोडून स्वतःच्या डोक्याने शिकार करणे, मेंढरे वळवण्याच्या सवयीने लांबून वळसा घेणे. करड्या-कबऱ्या मर्ल रंगाच्या दोन कुत्र्यांचा जोड टाळावा, कारण दोघांकडूनही तो जनुक मिळालेली पिले बहिरी किंवा आंधळी निघू शकतात. एमडीआर-१ या जनुकातील दोषाकडेही लक्ष हवे. तो रफ कॉलीत फार आढळतो, बॉर्डर कॉलीत क्वचित. तो असलेल्या कुत्र्याला आयव्हरमेक्टिन या जंतनाशक औषधाची मोठी मात्रा घातक ठरू शकते.

बुल संकरात बळ, निर्भयता व जखम होऊनही मागे न हटण्याची वृत्ती येते, आणि कोल्ह्यासारख्या उलट चावणाऱ्या सावजासाठी तीच हवी असे. सशाच्या कामात मात्र ती जड जाते. रात्री दिव्याच्या झोतात ससा कुंपणाशी एकदम वळला, की भारी छाती-खांद्यांचा हा कुत्रा वळण चुकवून तारेवर जाऊ शकतो, आणि ग्रेहाउंडची पातळ कातडी त्याच्याही अंगावर असेल तर ती सहज फाटते. धरलेला ससा चिरडला जाण्याची भीतीही राहते.

निवडीचा कल कायद्यानेही बदलला आहे. २००४ च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समध्ये कुत्र्यांकरवी वन्य सस्तन प्राण्यांच्या शिकारीवर बंदी आली. ती १८ फेब्रुवारी २००५ पासून लागू आहे. जमीनमालकाच्या संमतीने बिळात राहणारे ससे व उंदीर-घुशी धरण्यास सूट आहे. उघड्या रानात राहणारा मोठा ससा म्हणजे हेअर, कोल्हा व हरीण यांच्यामागे कुत्रा सोडणे गुन्हा ठरतो. म्हणजे बुल संकराचे मुख्य क्षेत्रच गेले आणि उरलेल्या कामात कॉली संकर उजवा ठरतो. शिवाय १९९१ च्या धोकादायक कुत्र्यांविषयीच्या कायद्यात पिट बुल टेरियर हा प्रकार नावावरून नव्हे, तर अंगलक्षणांवरून ठरवला जातो, त्यामुळे रुंद डोक्याचे, जाड मानेचे बुल संकराचे पिलू घेणाऱ्याने त्याचे आईबाप प्रत्यक्ष पाहून घेणे आवश्यक ठरते.