पाककृती, कॉकटेल आणि घरगुती प्रयोग : पार्श्वभूमी

नेहमीच्या पाककृतीत एखादा घटक बदलून पाहणे किंवा सुटीच्या दिवशी पाहुण्यांसाठी नवे कॉकटेल जुळवणे आज इतके नित्याचे झाले आहे की, या हौसेला स्वतंत्र इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तो इतिहास आहे, आणि मुख्यतः मोजमापाचा आहे. अचूक माप आल्यामुळे स्वयंपाकातील मोकळीक गेली, असा समज अनेकांचा असतो. घडले मात्र याच्या उलट.

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी पाककृतींत ‘अक्रोडाएवढे लोणी’ अशी प्रमाणे सर्रास आढळतात. ज्याला पदार्थ आधीच येत होता त्याला ती पुरत, नवख्याला नाही. इंग्लंडमध्ये एलायझा ॲक्टन यांनी 1845 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात घटक, त्यांचे प्रमाण आणि लागणारा वेळ हे सारे कृतीच्या अखेरीस वेगळे नोंदवले. वरवर किरकोळ वाटणारा हा बदल मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे पदार्थाची रचनाच वाचकासमोर उघडी झाली.

पुढचे निर्णायक पाऊल बॉस्टनमध्ये पडले. तेथील पाकशाळेच्या प्राचार्या फॅनी फार्मर यांनी 1896 साली आपले पाकशास्त्राचे पुस्तक काढले, तेव्हा प्रकाशकाला ते खपेल याची खात्री नव्हती. म्हणून पहिल्या 3,000 प्रतींचा खर्च त्यांना स्वतः सोसावा लागला. पुढे त्याच पुस्तकाने अमेरिकी घरांत पिढ्यान्पिढ्या ठाण मांडले. त्यांचा सारा भर सपाट मापावर होता : पीठ चमच्याने कपात घालायचे, कप हलवायचा किंवा ठोकायचा नाही आणि वर आलेली रास सुरीने कडेशी समतल करायची. दाबून भरलेल्या कपात पीठ सहज पाचव्या हिश्शाने जास्त मावते आणि तेवढ्या फरकाने केक कोरडा होतो, हे ज्याने अनुभवले आहे त्याला या काटेकोरपणाचे मोल सांगावे लागत नाही. माप पक्के झाले की पुढच्या वेळी एकच गोष्ट बदलून परिणाम पाहता येतो; खऱ्या अर्थाने प्रयोग येथूनच शक्य झाला.

पेयांच्या बाबतीतही घडामोडी जवळजवळ समांतर आहेत. मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजे कडू औषधी अर्क, यांचे मिश्रण ही कॉकटेलची व्याख्या न्यूयॉर्क राज्यातील हडसन येथील एका वृत्तपत्रात 13 मे 1806 रोजी छापून आली. त्याच वर्षी फ्रेडरिक ट्यूडर यांनी बॉस्टनहून कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटावर जहाजाने बर्फ पाठवला आणि नैसर्गिक बर्फाच्या दूरवरच्या व्यापाराला सुरुवात केली. बर्फ उपलब्ध झाला नसता तर कॉकटेलला आजचे रूप आलेच नसते. मद्यार्कामुळे मिश्रणाचा गोठणबिंदू उतरतो, त्यामुळे शेकरमधला, म्हणजे पेय हलवून मिसळण्याच्या झाकणबंद भांड्यातला, वितळता बर्फ पेयाला शून्य अंशाच्याही खाली नेतो, आणि वितळलेले पाणी त्याची धार सौम्य करते. अमेरिकी बारटेंडर, म्हणजे बारमध्ये पेये बनवणारे, जेरी थॉमस यांनी 1862 साली बारटेंडरांसाठी मिश्रणांचा संग्रह छापला, त्यातले माप मात्र बरेचसे ‘वाइनच्या ग्लासा’चे होते. दोन शंकूंचे टोकाशी टोक जोडून केलेल्या दुतोंडी मापाचे पेटंट शिकागोच्या कॉर्नेलियस डंगन यांनी घेतले ते 1893 साली, फार्मर यांच्या पुस्तकाच्या जेमतेम तीन वर्षे आधी.

कॉकटेल बारमधून घरात येण्यास अमेरिकेतील 1920 ते 1933 या काळातील दारूबंदीने मोठा हातभार लावला. मद्याची निर्मिती, विक्री आणि वाहतूक बेकायदा ठरली, तरी आधीपासून जवळ असलेली दारू घरी पिण्यास मनाई नव्हती. साहजिकच यजमान स्वतः पेये बनवू लागले. या हौशी वर्गाला शिस्त दिली ती डेव्हिड एम्बरी यांनी. ते व्यवसायाने वकील होते, बारमागे त्यांनी कधी काम केले नव्हते. आंबट पेयांसाठी आठ भाग मद्य, दोन भाग आंबट रस आणि एक भाग गोड, असे सूत्र त्यांनी 1948 साली मांडले. रम, लिंबूरस आणि पाक यांचे डायकिरी नावाचे कॉकटेल होते. रमऐवजी ब्रँडी आणि पाकाऐवजी संत्र्याचे लिक्युअर, म्हणजे गोड स्वादिष्ट मद्य, घेतले की साइडकार हे दुसरे कॉकटेल तयार होते. हे प्रमाण आजच्या जिभेला तीव्र वाटते, परंतु एका सूत्रातून अनेक पेये निघतात हे हौशी माणसाला इतक्या स्पष्टपणे क्वचितच कोणी दाखवले होते.

स्वयंपाकाकडे प्रयोग म्हणून पाहण्यास वैज्ञानिक प्रतिष्ठा मिळाली ती पुढे. ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ निकोलस कुर्टी यांनी 1969 साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये स्वयंपाकघरातील भौतिकशास्त्रावर व्याख्यान दिले आणि मायक्रोवेव्हच्या साहाय्याने आतून गरम व बाहेरून थंड असा गोड पदार्थ करून दाखवला. त्यांच्याच पुढाकाराने 1992 साली सिसिलीतील एरिचे येथे शास्त्रज्ञ आणि स्वयंपाकी पाककलेच्या विज्ञानावर चर्चेसाठी एकत्र आले. त्यानंतरच्या काळात ग्रॅमपर्यंत अचूक मोजणारे इलेक्ट्रॉनिक काटे आणि डिजिटल थर्मामीटर सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आले, आणि पावाचे पीठ असो वा कॉकटेलचा पाक, दोन्ही एकाच काट्यावर तोलले जाऊ लागले.