क्रियाविशेषण व उभयान्वयी अव्यय यांचा संयोग : इंग्रजी वाक्यातील

इंग्रजी वाक्यात क्रियाविशेषण आणि उभयान्वयी अव्यय लागोपाठ येऊन दोन उपवाक्यांमधील संबंध दाखवतात, त्या रचनेला येथे संयोग म्हटले आहे. ‘अँड देन’, ‘बट स्टिल’, ‘ऑर एल्स’ या जोड्यांत उभयान्वयी अव्यय आधी आणि क्रियाविशेषण नंतर येते. ‘इव्हन इफ’, ‘ओन्ली व्हेन’, ‘जस्ट बिकॉज’ यांत हा क्रम उलटा असतो. पहिल्या प्रकारात क्रियाविशेषण जोडणीच्या कामाला हातभार लावते, तर दुसऱ्या प्रकारात ते पुढच्या उपवाक्याची व्याप्ती ठरवते किंवा त्यावर जोर देते. ‘हाउएव्हर’, ‘देअरफोर’, ‘नेव्हरदलेस’ हे शब्द जातीने क्रियाविशेषण असूनही काम जोडणीचे करतात, म्हणून त्यांचा विचार येथेच करावा लागतो.

क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी व केवलप्रयोगी असे अव्ययांचे चार प्रकार मराठी शाळेत पाठ करून घेतले जातात, त्यामुळे या जातींमधील सीमा पक्क्या असाव्यात असा समज होतो. हे वर्गीकरण ज्या शालेय परंपरेतून आले, तिचा आरंभ साधारणपणे दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या मुंबईत १८३६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याकरणापासून धरतात. त्याहून जुन्या संस्कृत परंपरेत निरुक्तकार यास्काने नाम, आख्यात (क्रियापद), उपसर्ग आणि निपात (जोडणारे, भर देणारे असे छोटे शब्द) असे चारच वर्ग मानले होते, व ‘च’, ‘वा’ यांसारखे जोडणारे शब्द निपातांतच घातले होते. डॅनिश व्याकरणकार ऑटो येस्पर्सन यांनी १९२४ साली क्रियाविशेषणे, शब्दयोगी आणि उभयान्वयी अव्यये एकाच वर्गात घालावीत असे सुचवले, तेव्हा युरोपीय अभ्यासकांना ती सूचना धाडसी वाटली असेल. अव्यय ही संज्ञा आधीपासून वापरणाऱ्या वाचकाला तिचे फारसे नवल वाटू नये.

एखादा शब्द उभयान्वयी की क्रियाविशेषण, हे ठरवण्याची सर्वांत सोपी कसोटी म्हणजे तो ‘अँड’च्या मागोमाग येऊ शकतो का ते पाहणे. ‘अँड बट’ किंवा ‘अँड ऑर’ अशी जोडी इंग्रजीत होत नाही, कारण तिन्ही शब्द एकाच जागेचे दावेदार आहेत. ‘अँड येट’ आणि ‘अँड सो’ मात्र रोजच्या बोलण्यात सर्रास आढळतात. याचा अर्थ ‘येट’ आणि ‘सो’ यांनी क्रियाविशेषणाचा स्वभाव पुरता सोडलेला नाही. शाळांतून ‘फॅनबॉइज’ या आद्याक्षरांच्या खुणेने सात समान उभयान्वयी अव्यये (फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो) शिकवली जातात, त्यांत हे दोन शब्दही ‘अँड’च्या बरोबरीने बसवलेले असतात, पाठांतराला ते सोयीचे असले तरी वर्णन म्हणून ढोबळ आहे. ब्रिटिश भाषाभ्यासक रँडॉल्फ क्वर्क व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९८५ च्या इंग्रजीच्या बृहद् व्याकरणात ‘अँड’ व ‘ऑर’ एका टोकाला, ‘इफ’ व ‘बिकॉज’ दुसऱ्या टोकाला आणि ‘येट’, ‘सो’, ‘नॉर’, ‘फॉर’ हे मध्ये अशी उतरंड मांडली आहे. जोडणीचे काम करणाऱ्या क्रियाविशेषणांना हे लेखक वेगळे नाव देतात व वाक्याच्या घडणीत त्यांना सैल स्थान आहे असे मानतात.

इंग्रजीचे व्याकरणकार रॉडनी हडलस्टन आणि जेफ्री पुलम यांनी २००२ साली याहून पुढचे पाऊल टाकले आणि ‘बिकॉज’, ‘दो’, ‘आफ्टर’ इत्यादी बहुतेक गौणत्वदर्शक, म्हणजे गौण उपवाक्य जोडणारी, अव्यये शब्दयोगी वर्गात नेली. त्यांच्या युक्तिवादात संयोगांना महत्त्वाचे स्थान आहे. ‘राइट आफ्टर लंच’ आणि ‘राइट आफ्टर ही लेफ्ट’ या दोन्ही ठिकाणी ‘राइट’ हे क्रियाविशेषण ‘आफ्टर’ला सारख्याच रीतीने चिकटते; मग पुढे नाम आले म्हणून ‘आफ्टर’ शब्दयोगी आणि पुढे उपवाक्य आले म्हणून तेच उभयान्वयी, असे का मानावे, हा त्यांचा प्रश्न आहे. तर्काच्या दृष्टीने ही मांडणी अधिक नेटकी दिसते. तरीही मराठी भाषिकाला इंग्रजी शिकवताना १९८५ ची उतरंडच अधिक उपयोगी पडते, कारण शब्दाची जात अंशाअंशाने बदलते हे तिच्यात थेट दिसते.

जोडणाऱ्या शब्दांपैकी बरेचसे मुळात क्रियाविशेषणे होते, याबद्दल अभ्यासकांत मतभेद नाही. ते उभयान्वयी कोणत्या मार्गाने झाले, यावर मात्र वाद आहे. जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण ११०० पूर्वीच्या लेखनात, ‘था’ हा एकच शब्द ‘तेव्हा’ आणि ‘जेव्हा’ अशा दोन्ही अर्थांनी येतो, आणि पुष्कळदा लागोपाठच्या दोन उपवाक्यांच्या आरंभी दोनदा येतो. मराठीत ‘जेव्हा’ आणि ‘तेव्हा’ ही रूपेच वेगळी असल्याने संदिग्धता उरत नाही; जुन्या इंग्रजीत ती जबाबदारी मुख्यतः शब्दक्रमावर होती. ‘था’च्या लगेच पुढे क्रियापद आले तर ते मुख्य उपवाक्य, आणि क्रियापद मागे सरकले तर गौण उपवाक्य, असा सामान्य प्रघात सांगितला जातो. हा प्रघात गद्यात बराच विश्वसनीय आहे, पद्यात तितका नाही. आधी सुटी वाक्ये शेजारी ठेवली जात आणि नंतर त्यांतील क्रियाविशेषणे घट्ट होऊन गौण उपवाक्ये तयार झाली, असे जुन्या पिढीचे अभ्यासक मानत. हे मत आजही सोपे म्हणून उद्धृत होते. पण जुन्या इंग्रजीत गौण रचना आधीच भरपूर असल्याने त्याला मर्यादित अर्थानेच मान्यता देणे बरे.

शब्दांच्या व्युत्पत्तीत हे स्थित्यंतर अधिक स्पष्ट दिसते. ‘बट’ हा ‘बाहेर, वगळून’ अशा अर्थाच्या जुन्या शब्दापासून आला, आणि ‘ऑल बट’सारख्या प्रयोगांत तो अर्थ अजून शिल्लक आहे. ‘ऑल्सो’ हे क्रियाविशेषण आणि ‘ॲज’ हे उभयान्वयी अव्यय एकाच पूर्वरूपाची दोन अपत्ये आहेत. एक भरदार राहिले, दुसरे झिजले. ‘देन’ आणि ‘दॅन’ हेही मुळात एकच असून त्यांची वेगळी वर्तणी बरीच उशिरा स्थिरावली. ‘दो’ आजही दोन्ही घरचा पाहुणा आहे: वाक्यारंभी तो ‘जरी’ होतो, आणि बोलण्यात वाक्याच्या अगदी शेवटी येऊन ‘तरीपण’ इतकाच राहतो. ‘ऑल्दो’ला ही सवलत नाही. मराठीतही याला समांतर उदाहरणे आहेत. ‘बिकॉज’मध्ये जसे कारणवाचक नाम दडले आहे तसेच ‘कारण’ हे आपले नाम उभयान्वयी झाले, ‘म्हणून’ हे तर ‘म्हणणे’ या क्रियापदाचे रूप आहे, आणि ‘मी पण येतो, पण उशिरा’ या वाक्यातील पहिला ‘पण’ व दुसरा ‘पण’ यांची जात एक नाही.

लेखनात ‘हाउएव्हर’सारखे शब्द दोन पूर्ण वाक्यांमध्ये आले तर त्यांच्या आधी अर्धविराम किंवा पूर्णविराम द्यावा, केवळ स्वल्पविराम पुरेसा नाही, असा दंडक आहे, ‘बट’च्या आधी स्वल्पविराम चालतो. ‘हाउएव्हर’ वाक्याच्या मध्ये किंवा शेवटी हलवता येतो, ‘बट’ हलवता येत नाही, या फरकातूनच तो दंडक येतो. ‘बट स्टिल’ व ‘बट नेव्हरदलेस’ रूढ आहेत, ‘बट हाउएव्हर’ द्विरुक्ती समजली जाते. मराठी गद्यात ही विरामचिन्हे इंग्रजीच्या अनुकरणाने आली, आणि ती रुजवण्याचे श्रेय सामान्यतः एकोणिसाव्या शतकातील कोशकार मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते.

मुंबईच्या बोलीतील इंग्रजीत या संयोगांना एक वेगळे वळण मिळाले आहे. ‘तू आलास तरच मी जाईन’ या वाक्यात अट पहिल्या भागात आहे, पण मर्यादा दाखवणारा ‘च’ दुसऱ्या भागाच्या तोंडाशी, ‘तर’ला लागला आहे. इंग्रजीत तीच मर्यादा अटीच्या बाजूला, ‘इफ’च्या आधी ‘ओन्ली’ लावून दाखवतात. मराठीत विचार करणारा बोलणारा ‘च’ची जागा न सोडता ‘इफ यू कम, देन ओन्ली आय विल गो’ असे म्हणतो. फॉर्म भरून द्या, मगच शिक्का मिळेल, हे खिडकीपलीकडचा कारकून ‘फिल द फॉर्म, देन ओन्ली’ एवढ्यात उरकतो, आणि ऐकणाऱ्या कोणालाही अर्थ लावावा लागत नाही. हिंदी व गुजरातीतही असे निपात शब्दाच्या मागेच लागत असल्याने हा प्रयोग केवळ मराठीचा प्रभाव मानता येत नाही. बहुभाषिक शहरात तो अनेक बाजूंनी दृढ झाला असावा. ‘जरी–तरी’ या जोडीमुळे ‘ऑल्दो’नंतर ‘बट’ घालण्याची सवयही याच जातीची आहे. शिक्षक तिला चूक म्हणून तांबड्या शाईने खोडतात, मात्र ‘बट’ऐवजी ‘येट’ किंवा ‘स्टिल’ लिहिले तर सोडून देतात. या सवलतीमागे तत्त्व आहे: ‘येट’ क्रियाविशेषण म्हणून मुख्य उपवाक्यात राहू शकतो, ‘बट’ राहू शकत नाही.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते, तरी संयोगांचा परिचय खऱ्या अर्थाने होतो तो माध्यमिक वर्गांतील वाक्यपरिवर्तनाच्या प्रश्नांतून. ‘ॲज सून ॲज’चे ‘नो सूनर… दॅन’ करणे हा त्यांतील ठरलेला प्रकार. येथे नकारदर्शक क्रियाविशेषण वाक्यारंभी येताच साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या पुढे उडी घेते, आणि क्लासमध्ये मुले हा बदल ‘नो सूनर डिड’ अशा एका दमात पाठ करतात. ‘दॅन’च्या जागी ‘व्हेन’ लिहिण्याची चूक ‘हार्डली… व्हेन’ या शेजारच्या जोडीवरून होते. ‘सूनर’ हे तुलनेचे रूप असल्याने त्याला ‘दॅन’च लागतो, ‘हार्डली’ तसे रूप नसल्याने त्याला लागत नाही.