वाळवंटातील पदभ्रमणात आम्ही अंतर कमी का ठेवतो

पदभ्रमणाचे वेळापत्रक पाहून दिवसाचे चालणे एवढे थोडे का, अशी विचारणा आमच्याकडे नेहमी होते. वाळवंटात पाहण्यासारखे जे असते ते बहुतेक वेळा पायाशीच असते आणि भराभर चालणाऱ्याच्या नजरेतून ते निसटते, हे त्याचे कारण आहे.

वाळवंट म्हणजे वाळूच्या टेकड्या असे चित्र मनात असले, तरी जगातील वाळवंटांचा साधारण पाचवा हिस्साच वाळूने व्यापलेला आहे; बाकी सगळा खडक, गोटे आणि कोरडी माती. आमची वाटही बरीचशी अशा खडकाळ भागातून जाते आणि पहिल्या तासाभरात काहींचा थोडा विरस होतो. तेथे एखाद्या खडकाजवळ थांबून त्यावरचा काळा, चकचकीत थर अवश्य निरखावा. माती आणि लोह व मँगनीज यांच्या ऑक्साइडांचा हा थर केसापेक्षाही पातळ असतो, तरी तो जमायला हजारो वर्षे लागतात; हाच थर टोचून, खालचा फिकट दगड उघडा करून प्राचीन माणसांनी प्राण्यांची आणि माणसांची चित्रे कोरली आहेत.

वाळूच्या भागात आपण सूर्योदयापूर्वी निघतो, कारण ऊन तापून वारा सुटेपर्यंतच रात्रीच्या हालचालींचे माग शाबूत असतात. भुंगेऱ्याच्या पायांची बारीक दुहेरी नक्षी ओळखायला सोपी असते. फुरसे आडवे सरकत जाते, त्यामुळे त्याच्या मागात सलग रेघ नसून एकमेकींपासून सुटलेल्या तिरक्या रेघा दिसतात, आणि प्राणी प्रत्यक्ष न दिसताही तो कोणत्या दिशेने गेला हे त्यांवरून सांगता येते. टेकडीची वाऱ्याकडील बाजू मंद उताराची असते. पलीकडील उतार सुमारे 34 अंशांहून तीव्र झाला की वाळू घसरू लागते. काही टेकड्यांवर वाळू पूर्ण कोरडी असेल, तर या घसरणीतून दूरच्या विमानासारखी घरघर उठते. मंगोलियातील खोंगोरिन एल्स येथील टेकड्या त्यासाठीच प्रसिद्ध आहेत.

फुलांचे आश्वासन मात्र आम्ही देत नाही. कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीत 2005 आणि 2016 साली पावसाने योग्य वेळी साथ दिल्यामुळे जमिनीत वर्षानुवर्षे पडून असलेले बी रुजले आणि एरवी उजाड दिसणारे उतार पिवळ्या फुलांनी भरून गेले. असा योग कोणालाही ठरवून आणता येत नाही, आणि आमच्या मते त्याची खरी गोडी त्यातच आहे.

काही ठिकाणी जमिनीवर काळपट, खडबडीत पापुद्रा दिसेल. तो सायनोबॅक्टेरिया, दगडफूल आणि शेवाळ यांचा जिवंत थर असून मातीची धूप तोच रोखतो. एका पावलाने मोडलेला भाग भरून यायला कित्येक दशके लागू शकतात, म्हणून तेथे मार्गदर्शकाच्या पावलांवर पाऊल ठेवूनच चालावे, ही आमची आग्रहाची विनंती आहे.

पाण्याच्या बाबतीत तहान लागण्याची वाट पाहू नये. कोरड्या ओढ्याच्या पात्रात आपण कधीही मुक्काम करत नाही, कारण दूरवर पडलेल्या पावसाचा लोंढा निरभ्र आकाशाखालीही येऊ शकतो.

सोबत एक लहान भिंग आणि शक्य असल्यास अतिनील प्रकाशाचा टॉर्च आणावा. त्या प्रकाशात विंचू हिरवट-निळे चमकतात. ते लांबूनच पाहावेत आणि सकाळी बूट झटकूनच पायात घालावेत.