पोलिओ आणि पोलिओ लस : वैद्यक व समाजावरील परिणाम

पोलिओ (बालपक्षाघात) हा आंत्रविषाणूमुळे होणारा संसर्गजन्य रोग आहे. रुग्णाच्या विष्ठेतून बाहेर पडलेला विषाणू पाणी, अन्न किंवा अस्वच्छ हातांवाटे दुसऱ्याच्या तोंडात जातो आणि आतड्यात वाढतो. क्वचित तो मेरुरज्जूपर्यंत पोहोचून स्नायूंना चालना देणाऱ्या तंत्रिका कोशिका नष्ट करतो. त्याचे तीन प्रकार असून एकाविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्याविरुद्ध उपयोगी पडत नाही. संसर्ग झालेल्या बहुतेकांना काहीच त्रास होत नाही किंवा किरकोळ ताप येऊन जातो. कायमचा लुळेपणा सुमारे २०० संसर्गांमागे एकाला येतो. लुळेपणा आलेल्यांपैकी ५ ते १० टक्के रुग्ण श्वसनाचे स्नायू निकामी झाल्याने दगावतात.

प्राचीनता : कोपनहेगनच्या ग्लिप्टोटेक संग्रहालयात इजिप्तच्या अठराव्या राजवंशातील, बहुधा इ. स. पू. चौदाव्या शतकातील, एक शिळा आहे. तीवर कोरलेल्या रोमा नावाच्या द्वारपालाचा एक पाय वाळलेला, टाच उचललेली असून त्याच्याजवळ लांब काठी आहे. पोलिओचा हा सर्वांत जुना पुरावा असे अनेक ग्रंथांत छापले जाते. मात्र जन्मजात वाकड्या पावलातही असेच रूप दिसू शकते. फेअरो सिप्ताह याच्या ममीच्या पावलाबाबतही असाच वाद आहे. शिळेवरील पाय केवळ वाकडा नसून रोडावलेलाही आहे, त्यामुळे तिच्यापुरते पोलिओचे निदान अधिक संभवनीय वाटते. ममीबाबत तसे म्हणणे धाडसाचे होईल. निःसंदिग्ध म्हणता येईल असे वर्णन उशिराचे आहे. ब्रिटिश वैद्य मायकेल अंडरवुड यांनी १७८९ मध्ये मुलांच्या पायांतील दुर्बलतेची नोंद केली आणि जर्मन अस्थिव्यंगतज्ज्ञ याकोब हाइने यांनी १८४० मध्ये रोगाचे पद्धतशीर वर्णन केले.

साथींचा उगम : तोवर तुरळक आढळणारा हा रोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साथीने का येऊ लागला, हा पोलिओच्या इतिहासातील सर्वाधिक चर्चिला गेलेला प्रश्न आहे. स्टॉकहोम (१८८७), व्हरमाँट (१८९४, १३२ रुग्ण) आणि स्वीडन (१९०५) येथील साथी या पहिल्या मोठ्या साथींपैकी होत. त्या अस्वच्छ नव्हे, तर सांडपाण्याची व पाणीपुरवठ्याची व्यवस्था सुधारत चाललेल्या देशांत आल्या. न्यूयॉर्कच्या १९१६ च्या साथीत स्थलांतरितांच्या वस्त्यांवर ठपका ठेवण्यात आला आणि रस्त्यावरची मांजरे मारण्यात आली. पण दाटीच्या मॅनहॅटनपेक्षा विरळ वस्तीच्या स्टेटन आयलंडमध्ये रोगाचे प्रमाण अधिक होते.

बहुमान्य उपपत्ती अशी : पूर्वी जवळजवळ प्रत्येक मुलाला तान्हेपणीच, आईकडून मिळालेली प्रतिपिंडे (संसर्गाशी लढणारी प्रथिने) रक्तात असताना, संसर्ग होई आणि तो बहुधा निभावून जाई. स्वच्छता वाढली तसे संसर्गाचे वय पुढे गेले. हे संरक्षण सरल्यावर विषाणू गाठू लागला आणि लुळेपणाचे प्रमाण वाढले. विषाणूच अधिक उग्र झाला असावा, असा प्रतिपक्ष आहे. शिवाय १९७० च्या दशकात घाना व इतर देशांत शाळकरी मुलांतील पांगळेपणाच्या पाहण्या झाल्या. साथी नसलेल्या देशांतही पोलिओचे लुळेपण मोठ्या प्रमाणावर असून ते केवळ नोंदले जात नव्हते, असे त्यांतून दिसले. त्यामुळे ‘पोलिओ हा सुधारलेल्या देशांचा रोग’ हे जुने विधान आता टिकत नाही. तरीही साथींचा काळ आणि रुग्णांचे वाढत गेलेले वय यांचा मेळ पहिल्या उपपत्तीशीच चांगला बसतो. पुढे उल्लेखिलेली १९५४ ची आकडेवारीही तिलाच दुजोरा देते.

संशोधनातील आडवाट : कार्ल लांडश्टाइनर व एर्विन पोपर यांनी १९०८ मध्ये रोग माकडांत संक्रमित करून तो विषाणुजन्य असल्याचे दाखवले. त्यानंतर प्रयोगशाळांत ऱ्हीसस माकडांना नाकावाटे संसर्ग देण्याची पद्धत रूढ झाली आणि माणसातही विषाणू नाकातूनच मेंदूकडे जातो असा ग्रह झाला. ही जात तोंडावाटे सहसा बाधित होत नाही, ही अडचण दुर्लक्षिली गेली. रोगी मुलांच्या शवविच्छेदनांत विषाणू आतड्यात सापडतो, घ्राणतंत्रिकेत (वासाच्या नसेत) नाही, हे आल्बर्ट सेबिन व रॉबर्ट वॉर्ड यांनी १९४१ मध्ये दाखवले. एंडर्स, वेलर व रॉबिन्स यांनी १९४९ मध्ये तंत्रिकेतर (मज्जासंस्थेबाहेरच्या) ऊतकांत विषाणू वाढवला (नोबेल पारितोषिक १९५४) आणि लसनिर्मिती शक्य झाली.

अतिदक्षता : बॉस्टन येथे १९२८ पासून वापरात आलेले ‘लोखंडी फुफ्फुस’ छातीभोवती ऋण दाब निर्माण करून श्वास घडवी. कोपनहेगनच्या १९५२ च्या साथीत ते अपुरे पडले. कृत्रिम श्वसनावर ठेवलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. रक्तातील वाढलेले बायकार्बोनेट हे अल्करक्ततेचे (रक्तातील क्षारता वाढल्याचे) लक्षण समजले जाई. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी त्याचा अर्थ उलटा लावला : रुग्ण कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर टाकू शकत नाही. २७ ऑगस्ट रोजी १२ वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेस छेद देऊन नळी बसवण्यात आली, पण श्वासमार्ग आकसल्याने हवा आत जाईना. इब्सेन यांनी तिला थायोपेंटल हे भुलीचे औषध देऊन शिथिल केले आणि रबरी पिशवी दाबून श्वास दिला; ती वाचली. पुढे सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने अशा पिशव्या दाबल्या आणि मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. आधुनिक अतिदक्षता विभाग व रक्तवायूंची नित्य तपासणी यांची सुरुवात बहुधा येथूनच धरली जाते. पोलिओने वैद्यकाला दिलेली ही देणगी लसीपेक्षा कमी गाजली, पण कमी मोलाची नाही.

लसी : जोनास साल्क यांनी फॉर्मॅलिनने मारलेल्या विषाणूंची टोचण्याची लस बनवली. तिच्या १९५४ च्या चाचणीत सुमारे १८ लाख मुले होती. काही भागांत दुसरीच्या मुलांना लस देऊन त्यांची तुलना पहिली व तिसरीच्या मुलांशी केली गेली. इतरत्र निम्म्यांना लस व निम्म्यांना तसेच दिसणारे निष्क्रिय द्रव दिले आणि कोणाला काय मिळाले हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. या दुसऱ्या भागात पोलिओचे प्रमाण लस घेतलेल्यांत लाखामागे २८, निष्क्रिय द्रव घेतलेल्यांत ७१, तर चाचणीस नकार दिलेल्यांत ४६ होते. लस न मिळालेल्या दोन गटांतील ही तफावत उद्बोधक आहे. संमती देणारे पालक बहुधा सुस्थितीतील होते आणि त्यांची मुले तान्हेपणीच्या संसर्गातून सुटलेली होती. यादृच्छिक, अंध चाचणी का हवी, हे शिकवताना संख्याशास्त्रात आजही हेच उदाहरण देतात.

१२ एप्रिल १९५५ रोजी निष्कर्ष जाहीर झाले आणि काही दिवसांतच लस बनवणाऱ्या कटर कंपनीच्या काही साठ्यांत जिवंत विषाणू उरल्याचे उघड झाले. लस घेतलेले आणि त्यांच्या संपर्कातील मिळून सुमारे २०० जणांना लुळेपणा आला, १० दगावले. यानंतर अमेरिकेत लसींवरील सरकारी देखरेख कडक झाली. कंपनीचा निष्काळजीपणा सिद्ध न होताही तिला भरपाईस जबाबदार धरणारा निवाडा १९५८ मध्ये लागला.

सेबिन यांची दुर्बल केलेल्या जिवंत विषाणूंची तोंडावाटे द्यायची लस शीतयुद्धाच्या ऐन भरात सोव्हिएट संघात मिखाइल चुमाकोव यांच्या सहकार्याने लाखो लोकांत पारखली गेली. ती स्वस्त, देण्यास सोपी व आतड्यातच प्रतिकार निर्माण करणारी होती. मात्र लसीकरण अपुरे असलेल्या वस्तीत हा विषाणू पसरत राहिल्यास पुन्हा उग्र होऊ शकतो.

समाज : अमेरिकेत १९३८ मध्ये स्थापन झालेल्या प्रतिष्ठानाने लोकांच्या नाण्या-नाण्यांच्या वर्गणीतून उपचार व संशोधन चालवले. वर्णभेद तेथेही होता; कृष्णवर्णीय रुग्णांसाठी अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे १९४१ मध्ये वेगळे केंद्र काढावे लागले. कॅलिपर व कुबड्यांसह वाढलेल्या पिढीने पुढे हक्कांची भाषा केली. पोलिओग्रस्त एड रॉबर्ट्स व ज्युडिथ ह्यूमन हे अपंग हक्क चळवळीचे अग्रणी होत. अनेक रुग्णांना दशकांनंतर पुन्हा स्नायुदौर्बल्य येते (पोलिओपश्चात विकार).

निर्मूलन : जागतिक आरोग्य सभेने १९८८ मध्ये केलेल्या पोलिओ निर्मूलनाच्या ठरावावेळी १२५ हून अधिक देशांत वर्षाला अंदाजे ३,५०,००० रुग्ण होते. उत्तर प्रदेश व बिहारमध्ये थेंबांचा परिणाम अपेक्षेहून कमी दिसल्याने विषाणूच्या एकाच प्रकाराविरुद्धची (एक-प्रकारी) व नंतर दोन प्रकारांविरुद्धची (द्वि-प्रकारी) लस आणावी लागली. भारतातील नैसर्गिक (लसजन्य नसलेल्या) विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला. नायजेरियातील कानो येथे २००३ मध्ये लसीने वंध्यत्व येते या अफवेने मोहीम थांबली आणि विषाणू इतर देशांत पसरला. पाकिस्तानात लसीकरण कर्मचाऱ्यांवर प्राणघातक हल्ले झाले. नैसर्गिक विषाणूच्या प्रकार २ चे निर्मूलन २०१५ मध्ये व प्रकार ३ चे २०१९ मध्ये प्रमाणित झाले. एप्रिल २०१६ मध्ये तोंडावाटेच्या लसीतून प्रकार २ वगळण्यात आला. लसजन्य प्रकार २ च्या उद्रेकांसाठी २०२१ पासून जनुकीयदृष्ट्या अधिक स्थिर अशी नवी लस वापरली जाते.