आयबीटी (गावची कामं करत उद्योग शिकवणारा शाळेतला विषय)

आयबीटी म्हणजे इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी, मराठीत मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख, पण मराठी नाव कागदावरच राहिलं, शाळेत सगळे आयबीटीच म्हणतात. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हाताने काम करायचं आणि ते काम शक्यतो गावात कुणाला तरी खरंच हवं असलेलं पाहिजे, असा हा विषय. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळ गावी विज्ञान आश्रम आहे, तिथे तो तयार झाला. लांबून बघितलं तर कार्यानुभवाचाच मोठा भाऊ वाटतो, पण कार्यानुभवातली कागदाची फुलं मार्क मिळाले की कपाटावर जातात, इथलं स्टूल कुणीतरी पैसे मोजून घरी नेतो आणि डुगडुगलं तर परत आणून आदळतो. फरक आहे तो एवढाच, पण मोठा आहे.

विज्ञान आश्रम 1983 साली डॉ. श्रीनाथ कलबागांनी सुरू केला. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून पीएचडी, मग मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात मोठ्या हुद्द्याची नोकरी, आणि ते सगळं सोडून हा माणूस पाबळसारख्या अवर्षणग्रस्त गावात येऊन राहिला. पुण्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनचं केंद्र म्हणून काम उभं राहिलं. शाळा सुटलेली किंवा नापास झालेली पोरं मठ्ठ नसतात, हाताला काम मिळालं की डोकं आपोआप चालायला लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे एसएससी बोर्डाने आयबीटीला व्ही-वन या नावाने पूर्वव्यावसायिक विषय म्हणून मान्यता दिली. कलबाग सर 2003 साली गेले.

कल्पना तशी नवी नाही म्हणा. 1937 मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण, मांडली होती, आणि त्याच्याही आधी, 1919 मध्ये स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेत कर्मवीर भाऊराव पाटलांनी कमवा आणि शिका राबवलं होतं. आयबीटीत वेगळं काय, तर चरखा किंवा एकच हस्तव्यवसाय धरून न बसता गावात ज्याची गरज ते शिकायचं.

विषयाचे चार भाग: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. म्हणजे वेल्डिंग, फेरोसिमेंट (तारेच्या जाळीवर सिमेंट थापून केलेलं पातळ बांधकाम), घरातलं वायरिंग आणि अर्थिंग, शोषखड्डा, माती परीक्षण, रोपवाटिका, कोंबड्या, चिक्की, रक्तातलं हिमोग्लोबिन तपासणं असं सगळं. मुली वेल्डिंग करतात आणि मुलगे स्वयंपाक, यावर सुरुवातीला पालक कुरकुरतात, नंतर गप्प बसतात. शिकलेली गोष्ट मग गावासाठी करायची, याला लोकोपयोगी सेवा म्हणतात. शाळेचे मोडके बाक सांधून देणं, कुणाच्या शेतातली माती तपासून रिपोर्ट देणं, अंगणवाडीत एक स्विचबोर्ड बसवून देणं, अशी छोटी छोटी कामं, आणि मालाचा खर्च अधिक थोडी मजुरी शाळेला मिळते.

खरा उद्योग शिकवला जातो तो कॉस्टिंगच्या वहीत. समजा चिक्की करायचीय. किलोभर शेंगदाणे 140 रुपये, किलोभर गूळ 60, गॅस 15, पॅकिंग 10, झाले 225. वड्या निघाल्या 76, पाच रुपयाला एक म्हणजे 380 रुपये, पोरं लगेच खूश. मग कळतं की काहींचा भुगा झाला, काही करणाऱ्यांच्याच पोटात गेल्या, विकल्या 66 म्हणजे हातात 330. तरी 105 रुपये नफा दिसतो. आता सहा जणांनी दोन-दोन तास काम केलं, तासाला नुसते 10 रुपये मजुरी धरली तरी 120 झाले, म्हणजे 15 रुपये तोटा. इथे वर्गात जी शांतता पसरते ना ती कुठल्याच पुस्तकाने पसरत नाही. मग कुणीतरी म्हणतं गूळ होलसेलमधून आणूया, कुणी म्हणतं वडी लहान कापू, आणि यावर भांडणं सुरू होतात.

बऱ्याच शाळांमध्ये बाल आनंद मेळावा किंवा आठवडे बाजार भरतो, तोही लोक उद्योजकताच म्हणतात. मजा येते हे खरं, पण वडापाव बहुतेक वेळा आईने केलेला असतो आणि गिऱ्हाईक म्हणजे दुसऱ्या पोराची आई, भांडवलाचा हिशोब कुणी मागत नाही. दिल्लीत सरकारी शाळांमध्ये 2019 मध्ये उद्योजकता मानसिकता अभ्यासक्रम सुरू झाला, 2021 मध्ये तिथे बिझनेस ब्लास्टर्स आलं, त्यात अकरावी-बारावीच्या मुलांना धंद्यासाठी माणशी 2000 रुपये बीजभांडवल मिळालं. तिथे सुरुवात पैशापासून आणि आयडियापासून व्हायची, पाबळच्या पद्धतीत ती गावातल्या गरजेपासून होते. मला दुसरी जास्त पटते, कारण पंधरा वर्षांच्या पोराला आयडिया सुचण्यापेक्षा शेजाऱ्याचा बिघडलेला पंखा लवकर दिसतो.

आयबीटी पुढे लेंड अ हँड इंडियासारख्या संस्थांमुळे बऱ्याच शाळांत गेलं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही मुलांनी सहावी ते आठवीच्या दरम्यान केव्हातरी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकावं असं म्हटलंय. दहा दिवसांत किती येणार हा प्रश्न आहेच.

अडचणी नेहमीच्याच. वेल्डिंग रॉड संपले की पुढचे येईपर्यंत तास फळ्यावर होतो, दहावीला पालक म्हणतात आता हे बंद करा आणि गणिताचा क्लास लावा. सगळ्यात नाजूक भानगड म्हणजे गावातला वायरमन किंवा फॅब्रिकेशनवाला, त्याला वाटतं शाळेची पोरं स्वस्तात कामं करून आपलं गिऱ्हाईक पळवतायत, आणि त्याचं अगदीच चूक आहे असं नाही. यावर आयबीटीत सोपा तोडगा आहे, बाहेरून डिग्रीवाला मास्तर आणण्यापेक्षा गावातल्या अशा कारागिरालाच आठवड्यातून एक दिवस निदेशक म्हणून शाळेत शिकवायला घ्यायचं. मग पोरांनी केलेल्या वायरिंगमध्ये चूक राहिली तर नाव त्याचं खराब होतं, त्यामुळे तो प्रत्येक जोड स्वतः ओढून बघतो.