जपान उत्तरेला वळला असता तर : पार्श्वभूमी

पर्ल हार्बरऐवजी सायबेरियावर चढाई करणारा जपान दुसऱ्या महायुद्धाच्या कल्पित इतिहासात पुन्हा पुन्हा भेटतो. कल्पना अगदीच हवेतली नाही. १९०७ च्या संरक्षण धोरणापासून जपानी लष्कराचा ठरलेला शत्रू रशिया होता, नौदलाचा अमेरिका. आणि दोघेही आपापला शत्रू दाखवून खजिन्यातून पैसा मागत. १९३६ मध्ये दोन्ही दिशा, लष्कराची उत्तर (रशिया) आणि नौदलाची दक्षिण (आग्नेय आशिया), एकाच धोरणात कोंबल्या गेल्या, म्हणजे निवड टळली.

१९३९ च्या उन्हाळ्यात मंगोलियाच्या सीमेवर खाल्खिन गोलला जपानी फौजेने सोव्हिएत फौजेकडून सपाटून मार खाल्ला. तिथेच उत्तरेचा नाद सुटला, असे बहुतेक ठिकाणी वाचायला मिळते. मग दोन वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा पटावर आला कसा?

खरी मेख २ जुलै १९४१ च्या शाही परिषदेत, म्हणजे सम्राटासमोर भरलेल्या बैठकीत आहे. २२ जूनला जर्मनी रशियात घुसला होता. एप्रिलमध्येच मॉस्कोत तटस्थतेच्या करारावर सही करून आलेले जपानचे परराष्ट्रमंत्री आता तो बाजूला सारून रशियावर तुटून पडा म्हणत होते. ठराव झाला तो असा : दक्षिणेकडे सरकायचे, त्यापायी ब्रिटन-अमेरिकेशी युद्ध झाले तरी बेहत्तर, उत्तरेला गुपचूप तयारी करायची आणि जर्मनीची सरशी दिसली तर हात घालायचा. फळ पिकून गळेपर्यंत झाडाखाली थांबायचे, असे लष्करात म्हटले जाई. ‘जपानने दक्षिण निवडली’ हे वाक्य या ठरावावर बसवणे मला तरी पटत नाही. त्याच महिन्यापासून ‘विशेष सराव’ या नावाखाली मांचुरियातली (जपानच्या ताब्यातल्या ईशान्य चीनमधली) फौज सात लाखांच्या घरात नेली गेली. सोव्हिएत अतिपूर्वेतले सैन्य निम्म्यावर येईल असा हिशेब होता, तो चुकला. ९ ऑगस्टला लष्कराने त्या वर्षापुरता बेत गुंडाळला.

तोवर फ्रेंच वसाहत असलेल्या दक्षिण इंडोचीनमध्ये जपानी फौजा शिरल्या होत्या आणि १ ऑगस्टला अमेरिकेने तेल तोडले होते. जपानचे सुमारे ८० टक्के तेल अमेरिकेतून येई. कथानककार इथे हमखास घसरतात. जपानच्या उत्तरेला असलेल्या साखालिन बेटाच्या सोव्हिएत उत्तर भागातल्या तुटपुंज्या तेलावर आरमार चालत नाही, आणि खुद्द मांचुरियातले दाचिंगचे साठे १९५९ मध्ये सापडले. अमेरिकेने तेल रोखले त्यात जपानला रशियापासून दूर ठेवण्याचाही हेतू होता, असे काही अभ्यासक मानतात. ते खरे असेल तर उत्तरेला वळूनही तेल मिळाले नसते.

जपान हल्ला करणार नाही या टोकियोतल्या सोव्हिएत हेराच्या खबरीमुळे सायबेरियन डिव्हिजनांनी मॉस्को वाचवले, ही गोष्ट रंगवून सांगतात; पण तिकडच्या तुकड्या उन्हाळ्यातच पश्चिमेला निघू लागल्या होत्या. त्याहून वजनदार बाब व्लादिवोस्तोक या सोव्हिएत पॅसिफिक बंदराची. अमेरिकेने रशियाला धाडलेल्या मालापैकी वजनाने जवळपास निम्मा माल पॅसिफिकमार्गे, सोव्हिएत निशाणाच्या जहाजांतून, जपानच्या डोळ्यांदेखत गेला. उत्तरेत युद्ध पेटते तर ही वाट पहिल्याच दिवशी बंद झाली असती.

आपल्याकडे मात्र या कथानकाचा धागा सिंगापूरला जाऊन अडकतो. दक्षिणेची मोहीम नसती तर फेब्रुवारी १९४२ मध्ये ते पडले नसते, आणि आझाद हिंद फौज ज्या युद्धकैद्यांतून उभी राहिली, ते कैदीही नसते.